घडीचे पंख

स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले आणि मी लिहावयास बसलो. लिहिता लिहिता लेख एका विमानाकडे वळला. हे विमान मी अमेरिकेतील मिलवॉकी शहराजवळच्या माझ्या घराच्या गॅरेजमध्ये नऊ वर्षे खपून स्वतः बांधले आहे. त्यात दोन माणसे बसतात आणि त्याचे पंख मागे वळवून धडाशी लावून ठेवता येतात. यातील दुसऱ्या गोष्टीचा उगम आपल्या शाळेत आहे. तेव्हा विषयांतर म्हणून संपादकांनी हा लेख परत पाठवू नये, एवढी विनंती.

१९७० च्या दशकात जे वसतिगृहात होते त्यांना ती जुनी लांब खोली आठवत असेल. चाळीस मुले, चाळीस पत्र्याच्या ट्रंका आणि एक खोली. रात्री अंथरुणे पसरली की पाऊल ठेवावयास जागा उरत नसे. पहाटेची घंटा झाली की वळकट्या बांधून भिंतीशी रचावयाच्या. मग तीच खोली अभ्यासिका होई, आणि पावसाळ्यात अंगणात पंगत बसवणे अशक्य झाले की तेच जेवणघर. अभ्यासाला मेजे नव्हती. उद्योगाच्या गुरुजींनी आम्हा आठवीच्या मुलांकडून भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेल्या फळ्या करवून घेतल्या. वर उचलून साखळीने टांगली की मेज, खाली सोडली की भिंत. माझ्या वाट्याची फळी उचलताना करकरत असे आणि अर्ध्यावर अडत असे. मी तिला भरपूर तेल पाजले. गुरुजी म्हणाले, “अरे, तेलानं काय होणार? दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर एक दोरा धरून बघ.” दोरा धरला, तर एक खिळा त्याच्या बाहेर राहिला. “खिळे एका रेषेत नसले की दार रडतं,” एवढेच बोलून ते पुढच्या मुलाकडे गेले.

त्याच सुमारास वाचनालयातील एका जुन्या साप्ताहिकात विक्रांत या विमानवाहू नौकेचे छायाचित्र मी पाहिले. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेली सी हॉक विमाने डेकवर दाटीने उभी होती आणि त्यांचे पंख कोपरापासून वर दुमडलेले होते. ते चित्र मी गुरुजींना दाखवले. त्यांनी विमान जवळून कधी पाहिले नसावे. चित्र पाहून ते म्हणाले, “जहाजावर जागा किती असणार? आपल्या खोलीसारखंच तिथं. झोपून उठलं की वळकटी बांधायची.” पुढे अभियांत्रिकी शिकलो, नोकरीनिमित्त परदेशी आलो, आणि पन्नाशीच्या आसपास विमान बांधावयाचे मनात घेतले तेव्हा ही वळकटी पुन्हा आठवली.

घडीच्या पंखांची कल्पना विमानाच्या वयाहून फार लहान नाही. इंग्लंडमधील शॉर्ट बंधूंनी १९१३ मध्ये नौदलासाठी पंख मागे वळणारे समुद्रविमान केले होते. नौदलाचे दुखणे जहाजावरच्या जागेचे, सामान्य माणसाचे भाड्याचे. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी जेफ्री डी हॅव्हिलंड यांनी आपले मॉथ हे विमान प्रथम उडवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हा सामान्य माणूस होता. सामान्य म्हणजे मोटार बाळगणारा सामान्य, हे ओघाने आलेच. सुमारे तीस फूट रुंदीचे ते द्विपंखी विमान पंख मागे वळवल्यावर सुमारे दहा फुटांत मावत असे, मोटारीच्या मागे बांधून ओढून नेता येत असे आणि साध्या छपरीत ठेवता येत असे. आपल्याकडच्या विमानविद्येचा आरंभही याच कुळातील विमानांवर झाला. १९३० मध्ये आगाखान यांनी लावलेले पारितोषिक अस्पी इंजिनियर यांनी जिप्सी मॉथवर मिळवले. त्या चुरशीत जे. आर. डी. टाटा होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूच्या मैदानावर आणले ते पुस मॉथमधून, आणि त्या विमानाचेही पंख मागे वळत असत. त्या प्रसंगाची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातील पंखाच्या मुळाशी बिजागरी आहे, हे मात्र बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या चळवळीने ही कल्पना पुन्हा उचलली. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीतच अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन केली. त्या संघटनेने एक स्पर्धा जाहीर केली: स्वस्त, बांधावयास सोपे, उडवावयास सोपे आणि पंख घडी होऊन घरी नेता येईल असे विमान करून दाखवा. हे पारितोषिक १९६२ मध्ये सिएटलचे पीटर बॉवर्स यांच्या फ्लाय बेबीला मिळाले. बॉवर्स बोईंग कंपनीत अभियंते होते. दिवसा जेट विमाने आणि रात्री लाकूड, कापड व तारांचे एकआसनी विमान, असा त्यांचा संसार. पुढे १९८३ मध्ये डीन विल्सन यांचे एव्हिड फ्लायर आले आणि दुसऱ्या वर्षी डॅन डेनी यांचे किटफॉक्स. या दोन्हींचे सुटे भाग पेटीतून घरी येतात आणि दोन्हींचे पंख मागे वळतात. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांसमोर ठेवले. विमान बांधणारास पैसा, ज्ञान व परवाना यांची चिंता असतेच; परंतु पहिला प्रश्न जागेचा असतो, हे गच्चीवरून लगेच कळते.

माझेही तसेच झाले. आमच्या जवळच्या धावपट्टीवर हँगरसाठी प्रतीक्षायादी होती आणि भाडे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. गॅरेजचे दार नऊ फूट रुंद. शिवाय येथील रस्त्यांवर साडेआठ फुटांहून रुंद वाहन विशेष परवान्याविना नेता येत नाही. तेव्हा घडी घातलेले विमान आठ फुटांत बसले पाहिजे, हे रेखाटनाची पहिली रेघ ओढण्याआधीच ठरले. मी एक जुना आराखडा विकत घेतला. त्यात पंख धडाच्या वर, आणि प्रत्येक पंखाला खालून तिरपा आधार होता. या आधाराला स्ट्रट म्हणतात. घडीची योजना त्या आराखड्यात नव्हती. ती माझी, आणि तिच्यातील दोषही माझेच.

स्ट्रट असलेला पंख घडीला सोयीचा का, हे थोडे सांगितले पाहिजे. ज्या पंखाला बाहेरून आधार नसतो तो भिंतीतून निघालेल्या सज्जासारखा असतो. त्याला वाकवणारा सर्व जोर मुळाशी एकवटतो, आणि नेमके तेथेच बिजागरी घालावयाची म्हणजे पुष्कळ वजन वाढवावे लागते. सी हॉकला ते परवडते, माझ्या ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनाला परवडत नाही. स्ट्रट असला की हिशेब बदलतो. उड्डाणात पंख वर उचलला जातो, स्ट्रट ताणला जातो आणि पंखाच्या आतील मुख्य तुळई, जिला स्पार म्हणतात, ती धडाकडे दाबली जाते. मुळाशी वाकवणारा जोर जवळजवळ राहत नाही, त्यामुळे तेथे एक साधी पिन पुरते. म्हणजे असा पंख मुळात बिजागरीवरच बसवलेला असतो. आपण फक्त त्या बिजागरीला दुसऱ्या दिशेने फिरण्याची मुभा द्यावयाची.

ती मुभा अशी: पुढच्या स्पारची पिन काढावयाची आणि मागच्या स्पारभोवती पंख मागे फिरवावयाचा. पंख फिरतो तेव्हा त्याचा स्ट्रटही सोबत फिरतो. स्ट्रटचे खालचे टोक धडाच्या तळाशी जोडलेले असते. आता वाचकांपैकी जे उद्योगाच्या तासाला जागे असत त्यांच्या लक्षात आले असेल. मागच्या स्पारचा सांधा वर, स्ट्रटचा सांधा खाली. या दोन्हींचे अक्ष एका रेषेत नसतील तर पंख फिरताना अडतो, जोर केला तर पत्रा वाकतो. कागदावर मी ती रेषा काढली होती. प्रत्यक्षात डाव्या बाजूचा खालचा सांधा वेल्डिंगच्या उष्णतेने तीन मिलिमीटर सरकला, आणि पहिल्यांदा पंख वळवला तेव्हा अर्ध्यावर जाऊन तो करकरला. मी पंखाखाली टेकू देऊन दोरा आणला. माझ्या मदतीला आलेले एक निवृत्त हत्यार-कारागीर, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, दोऱ्याकडे पाहत राहिले. त्यांच्याकडे लेझरचे यंत्र होते. त्यांनी ते पेटीतून काढलेच नाही.

सांधा कापून पुन्हा बसवण्यात एक हिवाळा गेला. मुळाजवळची मागची कड धडावर आपटू नये म्हणून तिचा एक तुकडा वर उलटेल असा करावा लागला. पंखातील टाकीची इंधननळी लवचीक करावी लागली. शेपटीवर पंखाची टोके टेकवण्यासाठी आधार करावा लागला. मॉथच्या मालकांना तर पंख वळवण्यापूर्वी पुढच्या बाजूस तात्पुरते टेकू बसवावे लागत, तेव्हा माझी तक्रार नाही. सरकारी तपासनीस आले, अर्ध्याहून अधिक काम मी स्वतः केल्याच्या नोंदी व छायाचित्रे त्यांनी पाहिली आणि चाळीस तासांच्या चाचणी-उड्डाणांची अट घालून परवाना दिला.

पुढच्या स्पारच्या पिनेविषयी माझे मित्र व नातेवाईक नेहमी एकच प्रश्न विचारतात: ती तुटली तर? पिन तीन अष्टमांश इंच जाडीची, विमानाच्या प्रतीच्या पोलादाची. एका जागी कापावयास तिला सुमारे ३,७०० किलोंचा जोर लागतो, आणि ती दोन जागी धरलेली असल्यामुळे त्याच्या दुप्पट. माझे विमान पूर्ण भारासह ५०० किलोंचे. वळणे व वाऱ्याचे धक्के यांसाठी त्याच्या ३.८ पट भार धरावयाचा आणि वर दीडपट सुरक्षितता, म्हणजे २,८५० किलो. तेही दोन पंखांत व चार स्पारांत वाटलेले. पिन तुटण्याची भीती मला कधी वाटली नाही. ती घालावयाची राहील, ही भीती वाटावयास हवी होती.

कारखान्यात बनलेले आणि हँगरमध्ये उभे असलेले विमान एकदा जोडले की जोडलेले असते. घडीच्या पंखांचे विमान प्रत्येक उड्डाणापूर्वी त्याचा मालक नव्याने जोडतो. आज झोप नीट झालेला, उद्या न झालेला. ग्लायडर उडवणाऱ्यांना हे फार आधी कळले, कारण ग्लायडर दररोज सुटे होतात आणि जोडले जातात. पंखाच्या टोकाकडच्या मागच्या कडेला एलेरॉन नावाची झडप असते. तिच्यामुळे विमान डावीउजवीकडे कलते. ती जोडावयाची राहून अपघात झाले, माणसे गेली. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. एकाने आत बसून नियंत्रणाची दांडी हलवावयाची आणि दुसऱ्याने बाहेर एलेरॉन हातात घट्ट धरून विरोध करावयाचा. नुसती हालचाल पाहणे पुरेसे नाही, जोर लागला पाहिजे. नव्या ग्लायडरांत तर पंख बसवताच सांधे आपोआप जुळतात. ही रीत मला ठाऊक होती. माझे वृद्ध मित्र असत तोवर आम्ही ती पाळतही असू.

सहा वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यातील एका सकाळी ते नव्हते. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. वारा दहाच्या सुमारास वाढणार होता, म्हणून मी साडेसहालाच गाडीमागे विमान ओढून धावपट्टीवर पोचलो. डावा पंख उघडला, पुढची पिन घातली, तिला काटा लावला. एलेरॉनची नळी धडातील नळीत सरकवली. आता तिच्या आडवी पिन घालावयाची आणि पिनेला क्लिप लावावयाची, तोच फोन वाजला. परभणीहून भाऊ बोलत होता. आईला दम लागत होता आणि तिला दवाखान्यात हलवले होते. मी बोलत बोलत धावपट्टीच्या कडेच्या गवतात फिरलो. दहाएक मिनिटांनी परत आलो आणि उजव्या पंखाकडे गेलो.

उजवा पंख मी अत्यंत काळजीपूर्वक जोडला. नंतर विमानाभोवती फेरी मारली. आत बसून दांडी डावीकडे नेली, डावा एलेरॉन वर गेला. उजवीकडे नेली, खाली आला. सर्व काही जसे हवे तसे. नळी नळीत घट्ट बसलेली असल्यामुळे पिनेशिवायही ती हलत होती. जमिनीवर, वारा नसताना, हलतच राहिली असती. वर गेल्यावर एलेरॉनवर हवेचा जोर आला असता तेव्हा काय झाले असते, ते मी येथे लिहीत नाही. आमच्या तपासणीच्या यादीत त्या पिनेची ओळ होती. मी यादी वाचली होती आणि त्या ओळीवर होकारही भरला होता, कारण डोळ्यांसमोर पिन नव्हती, आई होती.

खांद्यावरचा पट्टा ओढला तेव्हा छातीला काहीतरी टोचले. सदऱ्याच्या खिशात हात घातला. पिन आणि तिची क्लिप. फोन घेताना मी ती खिशात टाकली होती.

इंजिन अजून सुरू केले नव्हते. मी खाली उतरलो, डाव्या पंखाखाली गेलो, एलेरॉन एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने नळी ओढली. ती सहज बाहेर आली. बराच वेळ मी तेथे गवतावर बसून होतो. मग दोन्ही पंख पुन्हा वळवले आणि विमान घरी नेले. आई त्या दुखण्यातून उठली. ही हकीकत तिला मी सांगितलेली नाही. ती स्मरणिका वाचणार असल्यामुळे आता कळेल.

त्या हिवाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. पुढच्या पिनेवर एक छोटे झाकण बसवले. एलेरॉनची पिन आपल्या जागी पूर्ण गेली नसेल तर ते झाकण मिटत नाही, आणि ते उघडे असेल तर बसलेल्या जागेवरून त्याची लाल आतली बाजू दिसते. सर्व पिनांना हातभर लांबीच्या लाल फिती शिवल्या. त्या खिशात मावत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे एकट्याने जोडणी करणे सोडले. माझे वृद्ध मित्र आता चालू शकत नाहीत. पत्नीला विमानाची आवड नाही, माझ्या विमानाची तर मुळीच नाही. तरी ती येते, दोन्ही हातांनी एलेरॉन धरते, मी आतून दांडी ढकलतो, आणि ती मोठ्याने म्हणते, “ओढा अजून! मी सोडत नाहीये.” धावपट्टीवरच्या लोकांना मराठी येत नाही. पण काय चालले आहे ते त्यांना कळते.

आणखी एक कबुली. घडीचे पंख बाळगणारी माझ्या ओळखीची जी मंडळी आहेत त्यांपैकी बहुतेक जण ती घडी क्वचितच घालतात. पंख मिटता येतो या समाधानावर ते हँगरचे भाडे भरत राहतात. मलाही दोन वर्षांपूर्वी हँगरमध्ये जागा मिळू लागली होती. मी ती घेतली नाही. यात काटकसर किती आणि हट्ट किती, हे मला नीट सांगता येणार नाही. प्रत्येक जोडणीत पिना व भोके थोडी झिजतात. रस्त्यावरच्या धक्क्यांनी सांध्यांना त्रास होतो, म्हणून आता मी विमान स्वतःच्या चाकांवर न ओढता ट्रेलरवर नेतो. भोकांतील पोलादी बुश मी एकदा बदलले आहेत. हा खर्च मांडला तर हँगर फार महाग पडला नसता, असे पत्नीचे मत आहे आणि तिचा हिशेब माझ्याहून चांगला आहे.

गुरुजी आता नाहीत. शाळेच्या उद्योगशाळेसाठी मी एक लाकडी प्रतिकृती पाठवत आहे. खोकी या पत्राबरोबरच निघाली आहे. धड, दोन पंख, दोन स्ट्रट, लाल फितीच्या पिना. एक मुलगा दांडी धरील आणि दुसरा एलेरॉन, इतकी ती मोठी आहे. उजवा पंख सुरळीत वळतो. डाव्या पंखाचा खालचा सांधा मी मुद्दाम तीन मिलिमीटर चुकवून बसवला आहे. तो रडतो. शिक्षकांनी मुलांना कारण आधी सांगू नये. दोरा खोक्यातच ठेवला आहे.